मिस्सेचा डोंगर

आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर वॉटरफर्ड नावाचा जिल्हा आहे. किनाऱ्याकडून उत्तरेला जाऊ लागले की कोमेरा नावाची डोंगररांग आडवी येते. या रांगेच्या उत्तर भागात समुद्रसपाटीपासून ७५५ मीटर उंचीचा एक डोंगर उभा आहे. त्याचे नाव नॉकनॅफ्रिन. डोंगराच्या कुशीतील शिवारालाही तेच नाव आहे. जवळच्या खोऱ्यातून नायर नावाची लहानशी नदी पश्चिमेकडे वाहत जाते आणि शूर या मोठ्या नदीला मिळते. मेंढ्या चारणारी माणसे, दगड रचून घातलेले बांध, वर खडक आणि खाली दलदलीचे गवत, असा हा मुलूख आहे. शाळेतील इतिहासाच्या पुस्तकात या जागेचे नाव आढळायचे नाही. परंतु ज्याला हे नाव वाचता येते, त्याला आयर्लंडच्या ख्रिस्तसभेचा दीडशे-दोनशे वर्षांचा इतिहास या एका नावात सापडतो. तो इतिहास उलगडून पाहावा आणि त्यातून आपल्यालाही काही घेता येते का ते तपासावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

शिवाराची नावे

प्रथम एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. आयर्लंडमध्ये जमिनीचा सर्वांत लहान अधिकृत भाग ‘टाउनलँड’ या नावाने ओळखला जातो. नावात ‘टाउन’ असले तरी त्याचा शहराशी संबंध नाही. आपल्या सातबाऱ्याच्या उताऱ्यावर गावाच्या नावापूर्वी ‘मौजे’ लिहितात. टाउनलँड हे त्या मौजेपेक्षाही लहान असते. त्यात दहा घरे असतील, दोन असतील किंवा एकही नसेल. काही टाउनलँड मोजक्या एकरांची आहेत, तर डोंगराळ भागातील काही हजारो एकरांची. सरासरी काढली तर एकेकाच्या वाट्याला सव्वातीनशे एकर येतात. संपूर्ण बेटावर अशी साठ हजारांहून अधिक शिवारे आहेत आणि त्यांतील प्रत्येकाला स्वतःचे नाव आहे. आपल्या केरळ राज्याच्या दुपटीहून थोड्याशा अधिक आकाराच्या या बेटावर साठ हजार नावांचे जाळे विणलेले आहे!

या विभागणीचे मूळ बाराव्या शतकात इंग्लंडहून नॉर्मन सरदार येण्यापूर्वीच्या काळात जाते. राज्यकर्ते बदलले, धर्मकायदे बदलले, जमिनीचे मालक बदलले, तरी शिवारांच्या हद्दी आणि नावे बहुतांशी टिकून राहिली. धर्मग्रामाच्या स्नानसंस्काराच्या नोंदवहीत बालकाच्या नावापुढे अनेकदा शिवाराचेच नाव लिहिलेले असते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रिचर्ड ग्रिफिथ यांच्या देखरेखीखाली जमिनींच्या मूल्यांकनाची जी प्रचंड नोंद झाली, तीही शिवारांच्या क्रमाने. अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात किंवा न्यूफाउंडलंडमध्ये स्थायिक झालेल्या आयरिश घराण्यातील नातवंडे आज आपल्या पूर्वजांचा शोध घेतात, तेव्हा आडनावाने त्यांचे फारसे काम होत नाही. एकाच आडनावाची हजारो घरे असतात. शिवाराचे नाव हाती लागले, तरच घराचा उंबरठा सापडतो.

तीन शब्दांचा अर्थ

‘नॉकनॅफ्रिन’ हा उच्चार इंग्रजी कानाला काहीच सांगत नाही. इंग्रजी शब्दकोशात हा शब्द नाही. कारण हे नाव मुळी इंग्रजी नव्हेच. ते आयरिश भाषेतील तीन शब्दांचे आहे : ‘क्नॉक अन आफ्रिन’. ‘क्नॉक’ म्हणजे टेकडी किंवा डोंगर. ‘अन’ हे इंग्रजी ‘द’सारखे निश्चितता दाखवणारे उपपद. आणि ‘आफ्रिन’ हे ‘आफ्रन’ या नामाचे षष्ठीचे रूप. ‘आफ्रन’ म्हणजे पवित्र मिस्सा. म्हणून या नावाचा सरळ अर्थ ‘मिस्सेचा डोंगर’.

‘आफ्रन’ हा शब्द आयरिश भाषेत लॅटिनमधून आला. त्याच्या मुळाशी ‘अर्पण करणे’ या अर्थाचे लॅटिन क्रियापद आहे. इंग्रजीतील ‘ऑफर’ हा शब्दही त्याच मुळाचा. येथे आपल्या भाषेकडे क्षणभर वळून पाहण्यासारखे आहे. आपला ‘मिस्सा’ हा शब्द पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर उतरला. तोही मूळचा लॅटिनच. मात्र तो उपासनेच्या शेवटी धर्मगुरू भाविकांना निरोप देतो त्या वाक्यातून निघालेला आहे. एकाच संस्काराला आयरिश माणसाने अर्पणविधीवरून नाव दिले आणि युरोपातील इतर बहुतेक भाषांनी निरोपाच्या शब्दावरून. आपण मिस्सा म्हणताना नकळत ‘तुम्हांस पाठविले आहे’ असे म्हणतो. आयरिश माणूस ‘आफ्रन’ म्हणताना ‘अर्पिले आहे’ असे म्हणतो. डोंगराच्या या नावात म्हणूनच एक अर्पण दडलेले आहे.

नावांचे थर

आयर्लंडची भूमी ख्रिस्ती नावांनी भरलेली आहे. पण ती सर्व नावे एकाच काळातील नाहीत. जमिनीत जसे मातीचे थर असतात, तसे नावांचेही थर असतात. सर्वांत जुना ख्रिस्ती थर पाचव्या शतकापासून पुढचा, म्हणजे संत पॅट्रिक आणि त्यांच्यानंतरच्या मठवासीयांच्या काळातला. ‘किल’ने सुरू होणारी असंख्य नावे या थरातील आहेत. ‘किल’ म्हणजे आयरिश ‘क्यिल’, अर्थात साधूची खोली किंवा लहान चर्च. हा लॅटिन ‘सेल्ला’ शब्दाचा वंशज. संत ब्रिजिता यांच्या मठामुळे प्रसिद्ध झालेले किल्डेअर म्हणजे ‘ओक वृक्षाजवळचे चर्च’. ‘डोना’ने सुरू होणाऱ्या नावांत प्रभूचे मंदिर या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. ‘डिझर्ट’ या नावामागे एकांतवासी तपस्व्याचे अरण्य आहे. वॉटरफर्ड जिल्ह्याच्या पश्चिम भागात ॲग्लिश नावाचे गाव आहे. ‘एक्लेसिया’ या शब्दाचेच ते आयरिश रूप.

शेजारची इतर नावेही बोलकी आहेत. डोंगराच्या उत्तरेस शूर नदीकाठी क्लोनमेल नावाचे शहर आहे. त्याच्या नावाचा अर्थ ‘मधाचे कुरण’. नायरच्या खोऱ्यातील बॅलीमकार्ब्री म्हणजे ‘कार्ब्रीच्या पुत्रांचा गाव’. खुद्द वॉटरफर्ड हे नाव इंग्रजीतील ‘पाणी’ या शब्दापासून आलेले नाही. ते नॉर्वेकडून आलेल्या वायकिंग दर्यावर्दींनी आपल्या भाषेत दिले. आयरिश माणूस त्या शहराला अजूनही ‘पोर्ट लॉर्गा’ या निराळ्याच नावाने संबोधतो.

‘आफ्रन’ची नावे या सर्वांहून वेगळी आहेत. देशाच्या अनेक भागांत ‘कॅरिग अन आफ्रिन’ म्हणजे ‘मिस्सेचा खडक’ अशी नावे आढळतात. कोठे मिस्सेची दरी आहे, कोठे मिस्सेची वाट. जुन्या थरातील नावांत संस्थापक संताचे नाव असते, चर्चच्या इमारतीचा उल्लेख असतो. या नंतरच्या नावांत संत नाही, इमारत नाही, धर्मगुरूचेही नाव नाही. डोंगर आहे आणि मिस्सा आहे. बाकी सारे गळून पडले आहे. असे का झाले, याचे उत्तर सतराव्या आणि अठराव्या शतकांच्या इतिहासात आहे.

वेदी डोंगरावर का गेली?

इंग्लंडच्या आठव्या हेन्री राजाने रोमशी संबंध तोडले आणि १५३६ नंतर आयर्लंडमधील मठ एकामागून एक बंद होऊ लागले. १५६० साली राणी पहिल्या एलिझाबेथच्या काळात डब्लिन येथील संसदेने कायदा करून राज्याच्या चर्चची उपासना सक्तीची केली. त्या उपासनेला गैरहजर राहणाऱ्यास दंड ठरला. जुनी चर्चे राज्याच्या चर्चकडे गेली. सामान्य आयरिश लोक मात्र आपल्या श्रद्धेवर राहिले. परिणाम असा झाला की, भाविक होते, धर्मगुरू होते, परंतु छप्पर नव्हते.

१६४९ साली ऑलिव्हर क्रॉमवेल सैन्य घेऊन आयर्लंडमध्ये उतरला, तेव्हा परिस्थिती सर्वांत भीषण झाली. १६५० च्या वसंतात त्याने क्लोनमेलला वेढा घातला. त्याच्या मागून आलेल्या राजवटीने जानेवारी १६५३ मध्ये हुकूम काढला की, सर्व कॅथलिक धर्मगुरूंनी वीस दिवसांच्या आत देश सोडावा. जो राहील त्याला राजद्रोही समजले जाईल. क्लोनमेलच्या उत्तरेस फेदर्ड नावाचे गाव आहे. तेथे ऑगस्टिनियन संघाचे फादर विल्यम टिरी लपून राहत आणि भाविकांची सेवा करीत. १६५४ सालच्या पवित्र शनिवारी मिस्सेच्या तयारीत असतानाच ते पकडले गेले. क्लोनमेल येथे त्यांच्यावर खटला चालला. ऐहिक बाबतींत आपण सरकारची आज्ञा मानू, परंतु श्रद्धेच्या बाबतीत पोपमहाशयांची, अशी त्यांची भूमिका होती. धर्म बदलल्यास जीवदान मिळेल, असे त्यांना सांगण्यात आले. ते त्यांनी नाकारले. मे १६५४ मध्ये क्लोनमेल येथेच त्यांना फाशी देण्यात आली. २७ सप्टेंबर १९९२ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी आयर्लंडच्या सतरा हुतात्म्यांना धन्यवादित घोषित केले, त्यांत फादर टिरी आहेत.

पुढे १६८१ साली आर्माचे महाधर्मगुरू ऑलिव्हर प्लंकेट यांना लंडनच्या टायबर्न येथे मृत्युदंड झाला. १९७५ मध्ये ते संतपदी आरूढ झाले. १६९१ च्या लिमरिक तहानंतर ज्या कायद्यांची मालिका सुरू झाली, तिला इतिहासात ‘दंडविधानांचा काळ’ म्हणतात. १६९७ च्या कायद्याने बिशप आणि संघीय धर्मगुरूंना देशाबाहेर जाण्यास फर्मावले. १७०४ च्या कायद्याने प्रत्येक धर्मग्रामात एकाच धर्मगुरूला नोंदणी करून राहता येई. तो वारला की त्याच्या जागी दुसरा यायचा नाही, कारण नव्या धर्मगुरूंना दीक्षा देणारा बिशपच देशात राहू नये, अशी योजना होती. कॅथलिक माणसाला जमीन विकत घेता येईना. वडिलांची जमीन सर्व मुलांत वाटली जाई. मात्र थोरला मुलगा राज्याच्या चर्चमध्ये गेला तर त्याला सगळी मिळे. १६४१ मध्ये देशातील ५९ टक्के जमीन कॅथलिकांच्या मालकीची होती. १७०३ मध्ये ती १४ टक्क्यांवर आली होती.

अशा काळात ज्या खडकाच्या माथ्यावरून चारी दिशांना नजर पोहोचते, तो खडक वेदी झाला. परंपरा सांगते की, नॉकनॅफ्रिनला त्याचे नाव दंडविधानांच्या काळात तेथे होत असलेल्या मिस्सेवरून पडले. खोऱ्यातील माणसे पहाटेच्या अंधारात चढ चढून येत असतील, कोणी तरी वाटेवर पहारा देत असेल आणि वाऱ्यात मेणबत्ती तेवत ठेवण्यासाठी कोणी ओंजळ धरीत असेल, असे चित्र मनश्चक्षूंसमोर उभे राहते.

मात्र इतिहास लिहिताना भावनेला थोडा आवर घालावा लागतो. दोन्ही शतकांत प्रत्येक मिस्सा सैनिकांच्या तलवारीच्या छायेत झाली, असे मानणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. छळाच्या लाटा येत आणि ओसरत. अठराव्या शतकाची पहिली दोन-तीन दशके सरल्यावर उपासनेवरील बंदी बऱ्याच ठिकाणी कागदावरच राहिली. १७३१ साली सरदारांच्या सभागृहाने चौकशी केली, तेव्हा देशभरात साध्यासुध्या शेकडो ‘मिस्साघरां’ची नोंद झाली, काही भागांत उघड्यावरच्या वेदीही आढळल्या. तेव्हा डोंगरावर जाण्याचे कारण नेहमी तलवारच होती असे नाही. कधी गरिबी होती. कधी चर्च बांधायला वीतभर जागाही न देणारा जमीनदार होता. परंतु यामुळे त्या लोकांच्या श्रद्धेचे मोल कमी होते काय? मला तर ते वाढल्यासारखे वाटते. धोक्याच्या क्षणी एकदा शौर्य दाखविणे निराळे, आणि वर्षानुवर्षे दर रविवारी पावसात, चिखलात, तान्ह्या मुलाला कडेवर घेऊन चढ चढणे निराळे. डोंगराला नाव एका दिवसाच्या घटनेने पडत नाही. लोक पुन्हा पुन्हा जात राहतात, तेव्हा ते पडते.

नावात धर्मगुरू का नाही, याचाही उलगडा येथे होतो. ज्याच्या मागावर सरकार आहे, त्याचे नाव डोंगराला देणे म्हणजे त्याचा ठावठिकाणा सांगणे. पण मला याहून खोल कारण जाणवते. धर्मगुरू आले आणि गेले. कोणी पकडला गेला, कोणी म्हातारपणी वारला. लोकांच्या लेखी महत्त्वाचे होते ते त्याच्या हातून घडलेले अर्पण. धर्मगुरूच्या जीवनाचे याहून सुंदर वर्णन दुसरे नसेल : नाव राहिले नाही, मिस्सा राहिली.

मोजणीदार आणि पंडित

१८२४ साली ब्रिटिश सरकारने आयर्लंडची जमीन मोजण्याचे काम हाती घेतले. कर्नल थॉमस कोल्बी या मोजणीचे प्रमुख होते. एका मैलाला सहा इंच या प्रमाणात संपूर्ण बेटाचे नकाशे १८४६ पर्यंत तयार झाले. या कामाचा आपल्या देशाशीही एक धागा जुळतो. भारताच्या महासर्वेक्षणाचे प्रमुख जॉर्ज एव्हरेस्ट यांनी रजेवर असताना १८२९ मध्ये आयर्लंडमधील हे काम पाहिले आणि कोल्बी यांनी तयार केलेल्या मोजपट्ट्यांसारख्या पट्ट्या ते भारतात घेऊन आले.

हद्दी मोजणे त्या मानाने सोपे होते. नावे लिहिणे अवघड. इंग्रज सैनिकांना आयरिश येत नव्हती आणि एकाच शिवाराचे नाव जमीनदाराच्या, चर्चच्या आणि न्यायालयाच्या कागदांत वेगवेगळ्या रूपांत आढळे. या कामी जॉन ओडोनोव्हन या आयरिश पंडिताची नेमणूक झाली. १८०६ साली वॉटरफर्डच्या सीमेजवळ किल्केनी जिल्ह्यात त्यांचा जन्म झाला होता. ते जिल्हा जिल्हा पायी फिरले. १८४१ मध्ये ते वॉटरफर्डमध्ये आले. प्रत्येक नाव स्थानिक वृद्धांच्या तोंडून ऐकायचे, त्याचे मूळ आयरिश रूप वहीत नोंदवायचे आणि मग इंग्रजी अक्षरांत उच्चाराला जवळचे रूप सुचवायचे, अशी त्यांची पद्धत होती.

नकाशावर मात्र इंग्रजी अक्षरांतील रूपच छापले गेले. ‘क्नॉक’मधील ‘क’ इंग्रजी माणसाच्या तोंडी मुका झाला, ‘अन’ आणि ‘आफ्रिन’ एकमेकांत मिसळले आणि तीन अर्थपूर्ण शब्दांचा एक अर्थहीन शब्द तयार झाला. ब्रायन फ्रील यांचे ‘ट्रान्सलेशन्स’ हे १९८० साली रंगभूमीवर आलेले गाजलेले नाटक याच वेदनेवर उभे आहे. न्यायाने एवढे म्हटले पाहिजे की, ओडोनोव्हन यांच्या वह्या नसत्या, तर हजारो नावांचे मूळ रूप कायमचे हरपले असते. नावावर झाकण घालणाऱ्या कामातच ते झाकण उघडण्याची किल्लीही तयार झाली.

त्याच वेळी दुसरे संकट येत होते. १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि महादुष्काळ सुरू झाला. १८४१ च्या जनगणनेत सुमारे ८२ लाख असलेली लोकसंख्या १८५१ मध्ये सुमारे ६५ लाखांवर आली. कोणी उपासमारीने आणि तापाने मेले, कोणी जहाजात बसून परदेशी गेले. सर्वांत मोठा घाला आयरिश बोलणाऱ्या गरिबांवर पडला. शाळांतून इंग्रजी शिकवली जात होती. परदेशी पोट भरायचे तर इंग्रजीच हवी, असे आईबापांनाही वाटू लागले. त्यामुळे नावे उच्चारणारी माणसे राहिली, पण त्यांचा अर्थ जाणणारी कमी होत चालली. ‘नॉकनॅफ्रिन’मध्ये राहणाऱ्या मुलालाच आपण मिस्सेच्या डोंगरावर राहतो हे कळेनासे होण्याची वेळ आली.

एका धर्मगुरूचे काम

अशा वेळी वॉटरफर्ड आणि लिझमोर या धर्मप्रांतातील एका धर्मगुरूने जे काम केले, त्याची आठवण ठेवली पाहिजे. फादर पॅट्रिक पॉवर यांचा जन्म १८६२ चा. धर्मग्रामातील सेवा सांभाळून ते शिवाराशिवारांतून फिरले. आयरिश बोलणारी म्हातारी माणसे अजून हयात होती. त्यांच्याकडून फादरांनी केवळ शिवारांचीच नव्हे, तर झरे, वाटा, खडक आणि शेते यांचीही नावे लिहून घेतली. १९०७ साली त्यांचा ‘द प्लेस-नेम्स ऑफ डिसीज’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. डिसीज हे या प्रदेशाचे प्राचीन नाव. पुढे ते कॉर्क येथील विद्यापीठीय महाविद्यालयात पुरातत्त्वाचे प्राध्यापक झाले आणि १९५१ मध्ये निवर्तले. ग्रंथाची दुसरी आवृत्ती १९५२ मध्ये निघाली. आज या भागातील कोणत्याही नावाचा अर्थ शोधायचा झाला, तर पॉवर यांचा ग्रंथ उघडल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

स्वतंत्र आयर्लंडमध्ये हे काम अधिक व्यापक झाले. १९३७ ते १९३९ या काळात लोकसाहित्य आयोगाने सुमारे पाच हजार प्राथमिक शाळांतील मुलांना एक काम दिले. मुलांनी आजीआजोबांकडे बसून गावच्या आठवणी ऐकायच्या आणि वहीत लिहायच्या. पवित्र विहिरी, जुन्या वाटा, दुष्काळाच्या कथा, दंडविधानांचा काळ, शेतांची नावे, असे विषय ठरवून दिले होते. मिस्सेच्या खडकांविषयीच्या अनेक आठवणी या वह्यांमुळे वाचल्या. १९४६ मध्ये स्थलनामांसाठी शासकीय आयोग स्थापन झाला. आज रस्त्यांवरील फलकांवर इंग्रजीबरोबर आयरिश नावही लिहिलेले असते. अर्थावरचे झाकण अशा रीतीने उघडले गेले.

तरीही नावांवरील संकट संपले आहे असे नाही. उत्तर आयर्लंडमध्ये १९७० च्या दशकात टपाल खात्याने ग्रामीण रस्त्यांना नावे आणि घरांना क्रमांक दिले. पत्त्यातून शिवारांची नावे वगळली जाऊ लागली. फर्मॅना जिल्ह्यातील लोकांनी त्यास विरोध केला आणि आपली नावे टिकवली. विशेष म्हणजे, या प्रश्नावर कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट शेतकरी एकत्र आले. शिवाराचे नाव दोघांचेही होते. प्रजासत्ताक आयर्लंडमध्ये २०१५ साली प्रत्येक घराला अक्षरे व अंक मिळून सात चिन्हांचा संकेतांक मिळाला. पत्र अचूक पोहोचते हे खरेच. परंतु आपण कोठून आलो हे अंक सांगत नाहीत.

रिकामे होत चाललेले डोंगर

या कथेला एक दुखरी बाजू आहे आणि ती झाकून ठेवणे योग्य होणार नाही. ज्या भूमीत माणसे मिस्सेसाठी डोंगर चढली, त्याच भूमीत आज गावाच्या मध्यभागी उभ्या असलेल्या चर्चमधील बाके रिकामी होत आहेत. आयर्लंड प्रजासत्ताकाच्या २०२२ च्या जनगणनेत स्वतःला कॅथलिक म्हणविणाऱ्यांचे प्रमाण ६९ टक्के आढळले. २०१६ मध्ये ते ७९ टक्के होते. धर्मगुरूंची संख्या घटली आहे. एके काळी जगभर मिशनरी पाठविणाऱ्या या देशात आता भारतातून गेलेले धर्मगुरूही मिस्सा अर्पण करतात. ख्रिस्तसभेच्या संस्थांमध्ये मुलांवर आणि दुर्बलांवर झालेल्या अन्यायांच्या चौकश्यांनी लोकांची मने दुखावली, हेही त्याचे एक मोठे कारण आहे. ते आपण नम्रतेने मान्य केले पाहिजे.

म्हणजे छळाने जे झाले नाही, ते सुबत्तेने आणि आपल्याच दोषांनी झाले. मग त्या डोंगराच्या नावाचा उपयोग काय? पवित्र बायबलमध्ये उत्पत्तीच्या पुस्तकात याकोबाची कथा आहे. तो घरातून परागंदा झालेला, उशाला दगड घेऊन उघड्यावर निजलेला. स्वप्नात देवाचे दर्शन झाल्यावर तो तोच दगड उभा करतो, त्यावर तेल ओततो आणि त्या जागेला बेथेल, म्हणजे ‘देवाचे घर’, असे नाव देतो. त्या नगराचे आधीचे नाव लूज होते, हे सांगायला पवित्र लेखक विसरत नाही. तेथे घर नव्हते, भिंत नव्हती. केवळ एक दगड आणि एका निर्वासिताचा अनुभव. पुष्कळ वर्षांनी, संकटे भोगून झाल्यावर, देव याकोबाला पुन्हा त्याच ठिकाणी बोलावतो. जागेचे नाव टिकले होते, म्हणून परतण्याची वाट उरली होती.

नॉकनॅफ्रिनकडे मी या दृष्टीने पाहतो. नाव श्रद्धा निर्माण करू शकत नाही. परंतु ज्यांची श्रद्धा मंदावली आहे, त्यांना ते एक प्रश्न विचारीत राहते : तुझे पूर्वज येथे कशासाठी चढून येत होते? हा प्रश्न जिवंत आहे तोवर वाट बुजलेली नाही.

आपल्या धर्मग्रामांतही वाड्या आहेत, पाणंदी आहेत, विहिरी आहेत आणि वाटेवरचे जुने दगडी क्रूस आहेत. त्यांच्या नावांत कोणाच्या तरी प्रार्थना आणि कोणाचे तरी श्रम साठलेले आहेत. शेतजमिनींचे भूखंड पडत आहेत, नव्या इमारतींना परकी नावे मिळत आहेत आणि जुनी नावे जाणणारी पिढी एकेक करून देवाघरी जात आहे. फादर पॉवर यांच्यासारखा ग्रंथ लिहिणे प्रत्येकाला जमणार नाही. पण १९३७ साली आयरिश मुलांनी जे केले, ते आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुले सहज करू शकतील. एक वही घ्यावी, आजीजवळ बसावे आणि विचारावे, “या जागेला हे नाव कसे पडले?” उत्तर मिळेल ते तारखेसह आणि सांगणाऱ्याच्या वयासह लिहून ठेवावे. अर्थ आज लागला नाही तरी चालेल; नाव जसे उच्चारले तसे लिहून ठेवावे. ओडोनोव्हन यांनी तेच केले होते, म्हणून आज कोमेराच्या त्या डोंगराकडे बोट दाखवून म्हणता येते, की हा मिस्सेचा डोंगर आहे.